मोशेच्या पेटाऱ्याचा लव्हाळा

ओढ्याकाठी वा भातखाचराच्या बांधावर उगवणारा लव्हाळा ज्याने पाहिला नाही असा वाचक आम्हांस क्वचितच भेटेल. शेतकरी त्यास तण समजून उपटतो व बांधावर फेकून देतो. परंतु याच कुळातील एका थोरल्या भावाने पवित्र शास्त्राची केवढी सेवा केली आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्याचे नाव पपायरस. नाईल नदीच्या उथळ पाण्यात तो दोन पुरुष उंच, कधी त्याहूनही उंच वाढतो. बाळ मोशेला ज्या लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात घालून नदीकाठी ठेवले, तो लव्हाळा हाच होय, असे अभ्यासक मानतात.

या झाडाच्या दांडीतील पांढऱ्या गाभ्याच्या पातळ पट्ट्या काढीत. त्या एकीवर एक आडव्याउभ्या रचून दाबल्या व वाळविल्या की कागद तयार होई. ‘बायबल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थही पपायरस असाच आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानाचा जो तळहाताहून लहान तुकडा इंग्लंडात मँचेस्टर येथे जपला आहे, तो पपायरसचाच. त्याचे वाचन १९३५ साली प्रसिद्ध झाले. लूक व योहान यांच्या शुभवर्तमानांचे एक प्राचीन पपायरस हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयास देणगी म्हणून मिळाले.

हे झाड घरी असावे असे आम्हांसही वाटले. एका रोपवाटिकेतून आम्ही ‘पपायरस’ म्हणून रोप आणले, वर्षभर जोपासले, आणि मग कळले की ते पपायरस नव्हेच! ते त्याचे चुलत भावंड, बागांतून सर्वत्र दिसणारा छत्रीलव्हाळा होते. वाचकांची अशी फसगत होऊ नये म्हणून ओळखीच्या खुणा सांगतो.

प्रथम दांडी चिमटीत धरून फिरवावी. गवताची दांडी गोल असते व तिला पेरे असतात. लव्हाळ्याच्या दांडीच्या बहुधा तीन धारा बोटांस जाणवतात. तिला पेरे नसतात व आत भरीव गाभा असतो. मग शेंडा पाहावा. छत्रीलव्हाळ्याच्या शेंड्यास छत्रीच्या काड्यांसारखी चपटी, रुंद पाने चहूकडे पसरलेली असतात, आणि तो माणसाच्या छातीएवढाच वाढतो. खऱ्या पपायरसच्या शेंड्यास दोऱ्याएवढ्या बारीक, हिरव्या, शेकडो तंतूंचा झुबका असतो. दांडीच्या बुडाशी पात्यांऐवजी केवळ तपकिरी पापुद्रे असतात. एक ठेंगणा पपायरसही विकत मिळतो. त्याचा झुबका असाच दिसतो, पण तो गुडघाकमरेच्या वर सहसा जात नाही.

लागवडीस मूळ-गड्ड्याचा तुकडा घ्यावा. त्यावर दोनतीन जिवंत कोंब असावेत. रुंद टाकीत वा भोक नसलेल्या मोठ्या कुंडीत चिकणमाती व चांगले कुजलेले शेणखत भरावे. गड्डा खोल पुरू नये. त्याची पाठ मातीच्या पृष्ठाशीच राहू द्यावी. प्रथम चिखल ओला ठेवावा. कोंब वाढू लागले की वर चार बोटे पाणी राखावे. ऊन भरपूर हवे, पण वाऱ्याचा मारा नको, कारण उंच दांड्या मोडतात. ग्वाल्हेरसारख्या कडक थंडीच्या गावी हिवाळ्यात आडोसा करावा. वाळलेल्या दांड्या बुडातून कापाव्यात, आणि गर्दी झाली की गड्डा फोडून वेगळा लावावा. साचल्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून दोनचार गप्पी मासे सोडावेत. मात्र गावच्या तळ्यात वा नाल्यात हे परके झाड कदापि लावू नये. मोकळे सुटले तर ते पाणी अडवील व स्थानिक वनस्पतींस जागा उरणार नाही.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. चिंध्यांपासून होणारा स्वस्त कागद आला आणि पपायरसची गरज सरली. रोममधील पोपांची काही आज्ञापत्रे अकराव्या शतकापर्यंत त्यावर लिहिली जात. पुढे तीही थांबली. लागवड सुटली, दलदली शेतांसाठी सुकविल्या गेल्या, आणि ज्या इजिप्तने त्यास हजारो वर्षे वाढविले त्या देशातूनच तो जवळजवळ नाहीसा झाला. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात हसन रगब नावाच्या इजिप्शियन गृहस्थांनी सुदानमधून गड्डे आणून कैरोजवळ नाईलच्या पाण्यात ते पुन्हा लावले, तेव्हा कोठे तो माघारी आला.

जे विपुल आहे ते आपोआप टिकेल, असे आपण धरून चालतो. पपायरसचा अनुभव निराळा आहे. म्हणून पुढच्या वेळी ओढ्याकाठचा लव्हाळा उपटण्यापूर्वी आमच्या वाचकांनी क्षणभर थांबून त्याची दांडी चिमटीत फिरवून पाहावी. शेतात तो तण असेल. पण ओढ्याच्या काठावर तोच माती धरून ठेवतो. तेथे त्यास राहू द्यावे.