शेतकऱ्याचा पाठीचा कणा : रचना आणि जोपासना

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव बिनदाराच्या घरांच्या परंपरेमुळे सर्वत्र प्रसिद्ध आहे. तेथे घराला चौकट असते, कवाड नसते. त्या शिवारात ऊस व कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या शरीरातही अशीच बिनकवाडाची द्वारे आहेत. पाठीच्या मणक्यांमधील त्या लहान द्वारांतून मज्जातंतू बाहेर पडतात. ती मोकळी असेपर्यंत त्यांची आठवण होत नाही. परंतु एखादे अडले, की ऐन लावणीच्या दिवसांत धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो.

कण्याची रचना

बालपणी कण्यात ३३ मणके असतात. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके आयुष्यभर सुटे राहतात. त्यांखालील ५ मणके जुळून त्रिकास्थी होते व शेवटचे बहुधा ४ जुळून माकडहाड बनते. सुट्या मणक्यांत कमरेचे मणके सर्वांत मोठे असतात, कारण वरच्या शरीराचा भार त्यांच्यावर पडतो.

मणक्यांच्या मध्ये २३ चकत्या असतात. चकतीच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गर असून भोवती चिवट तंतूंचे वेढे असतात. दिवसभराच्या भाराने तिच्यातील काही पाणी बाहेर पडते व रात्रीच्या विश्रांतीत परत येते. म्हणून मनुष्य सायंकाळपेक्षा सकाळी किंचित उंच असतो. प्रौढपणी चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यामुळे तिची इजा सावकाश भरते.

ओझे कसे वाढते

वाकलेला मनुष्य ही एक तरफ होय. पाठीचे स्नायू चकतीच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे असतात. २० किलोचे ओझे चकतीपासून ४० सेंटिमीटर पुढे धरले, तर ते तोलण्यासाठी स्नायूंना सुमारे १६० किलोचा ताण द्यावा लागतो. तेच ओझे २० सेंटिमीटरवर आणले, की ताण ८० किलोवर येतो. वाकलेल्या धडाचा भार याशिवाय निराळाच. स्वीडनमधील शल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीतील दाब मोजला. ताठ उभे राहण्यापेक्षा पुढे वाकल्याने तो वाढतो, असे त्यांना आढळले.

स्नायू लचकला, की उसण भरते. ती बहुधा काही दिवसांत उतरते. मात्र वेढे फाटून गर बाहेर आला, तर मज्जातंतू दाबला जातो. कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत असे अधिक घडते आणि कळ नितंबापासून पोटरीपर्यंत, प्रसंगी पावलापर्यंत उतरते.

शेतात घ्यावयाची काळजी

१. गोणी उचलताना गुडघे वाकवावेत, ओझे पोटाशी घ्यावे व पायांच्या जोरावर उठावे.

२. ओझे हाती असताना कंबर पिळू नये. पावले टाकून वळावे.

३. भरलेली गोणी दोघांनी उचलावी. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली, तरी ती एकट्या पाठीला जडच आहे.

४. खुरपणी व कांदा लावणीत ठराविक वेळाने उभे राहून कंबर सरळ करावी, कामे आलटून पालटून करावीत. शक्य तेथे लांब दांड्याची अवजारे वापरावीत.

५. उसण भरल्यास एक-दोन दिवस जड काम टाळावे, परंतु हलके चालणे-फिरणे सुरू ठेवावे. दीर्घकाळ पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात.

दवाखाना केव्हा गाठावा

उसण भरल्यावर पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत खेड्यांत आहे. नुसत्या स्पर्शाने अपाय नाही. परंतु पाठीवर उभे राहून तुडविणे धोक्याचे आहे. पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. येथे विलंब झाल्यास अपंगत्व कायमचे राहू शकते. ताप व वजन घटण्यासह पाठ दुखत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खतांच्या प्रात्यक्षिकाबरोबरच गोणी उचलण्याचेही प्रात्यक्षिक द्यावे. त्याला पैसा लागत नाही, वेळही थोडाच लागतो. मोडलेले अवजार सुताराकडून दुरुस्त करून घेता येते. कणा हे शेतकऱ्याचे असे अवजार आहे, की ज्याला बदली मिळत नाही.