नगरच्या घरांतील आठ-बिट व्हिडिओ गेम

नव्वदच्या दशकात नगर शहरात आणि राहुरी-संगमनेरसारख्या तालुक्यांच्या गावी मुले ज्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, ते यंत्र बहुतांशी निन्टेन्डोच्या १९८३ मधील फॅमिकॉमची नक्कल असे. आणि अस्सल यंत्र येथील बाजारात सहसा दृष्टीसच पडत नसल्याने, ‘सुपर मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ यांचा परिचय एका अख्ख्या पिढीला त्या नकलेनेच घडविला, हे तिचे ऋण निःसंकोच मान्य केले पाहिजे.

माझ्या मते तिचे खरे वैभव रिमोटात होते. डाव्या अंगठ्याखालची अधिक चिन्हाच्या आकाराची कळ गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या हातातल्या खेळासाठी सिद्ध केली. रिमोटाच्या प्रत्येक कळीखाली रबराची लवचीक टोपी, टोपीच्या पोटात कार्बनचा काळा ठिपका. तो खालच्या पट्टीवरील दोन रेषा जोडतो आणि हुकूम यंत्रापर्यंत पोहोचतो. उडीच्या कळीच्या ठिपक्यावर धूळ साचली, की मारिओ उडी मारीनासा होतो; अशा वेळी मागचे स्क्रू काढून तो मऊ, कोरड्या फडक्याने पुसावा, पॉलिश पेपरने मात्र कदापि घासू नये, कारण कार्बनचा थर एकदा गेला की गेलाच.

नकलेतील ‘टर्बो’ कळा मला नामंजूर आहेत: नुसत्या दाबून धरल्या तरी गोळ्यांचा वर्षाव होतो, आणि ‘कॉन्ट्रा’तील बोटांचे कौशल्य निरर्थक ठरते.