ओल्ड फॅशन्ड आणि मोहाचं फूल

व्हिस्कीच्या कॉकटेलांमध्ये फार जुनं आणि अगदी कमी सामानात होणारं म्हणजे ओल्ड फॅशन्ड. त्याला शेकर लागत नाही, फळांचे रस लागत नाहीत. व्हिस्कीची बाटली आणि थोडा बर्फ सोडला, तर बाकीचं सामान ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या स्वयंपाकघरात बहुतेक असतंच: गूळ, संत्र्याची साल, लवंग, दालचिनी.

१३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने, कॉकटेल म्हणजे काय, या वाचकाच्या प्रश्नाला उत्तर दिलं. मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क एवढ्या चार गोष्टी त्यात होत्या. मद्य कोणतं असावं याची अट नव्हती. पुढे अमेरिकेत व्हिस्कीचा जोर वाढला, बारवाले पेल्यात नाना लिकर घालू लागले आणि १८८०च्या दशकात जुन्या चालीचं साधं कॉकटेल मागणारी गिऱ्हाइकं दिसू लागली. तेच आजचं ओल्ड फॅशन्ड. मद्याबद्दलची ती मोकळीक मात्र लक्षात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

आधी कृती. व्हिस्की ६० मिलिलिटर, म्हणजे आपल्याकडचा मोठा पेग. गुळाचा पाक चहाचा एक चमचा. कडवट अर्क, ज्याला बारमध्ये बिटर्स म्हणतात, त्याचे दोन-तीन झटके. जाड बुडाच्या पेल्यात पाक आणि अर्क आधी एकजीव करावा, मग व्हिस्की, मग बर्फाचा एक मोठा खडा. लांब चमच्याने वीस-तीस सेकंद शांतपणे ढवळावं. शेवटी संत्र्याच्या सालीचा बोटभर तुकडा पेल्यावर धरून दुमडायचा, म्हणजे सालीतलं तेल तुषारांसारखं वर उडतं, आणि तो तुकडा आत सोडायचा. नागपुरी संत्र्याची साल पातळ असली तरी तेल भरपूर देते.

गुळाचा पाक आधी का करायचा? साखर असो की गूळ, मद्यात ती नीट विरघळत नाही, पाण्यात विरघळते. कोरडी साखर घातली तर पहिला घोट कडक, शेवटचा गुळमट. गूळ आणि पाणी समप्रमाणात घेऊन मंद आचेवर विरघळवावं आणि फडक्यातून गाळून घ्यावं. भारतात खपणाऱ्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम व्हिस्कीत उसाच्या मळीपासून काढलेलं मद्य असतं, धान्याचं किंवा माल्टचं प्रमाण त्यात कमी. ती मुळातच जरा गोडसर लागते, म्हणून तिच्यात अर्धाच चमचा पाक घालावा. गोव्याची पॉल जॉन किंवा बंगळुरूची अमृत यांसारखी सिंगल माल्ट असेल तर पूर्ण चमचा चालतो. कडवट अर्क विकत घ्यायचा तर अँगोस्टुरा फार जुना. योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने १८२४ साली व्हेनेझुएलात तो औषध म्हणून केला. घरी करायचा तर संत्र्याची वाळलेली साल, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि काडेचिराइताच्या एक-दोन काड्या वाटीभर व्होडकात पंधरा दिवस भिजवाव्यात आणि गाळाव्यात. रानातली अनोळखी मुळं-पानं मात्र यात घालू नयेत.

सगळ्यांत दुर्लक्षित घटक म्हणजे पाणी. ढवळताना बर्फ वितळतो आणि साधारण वीस मिलिलिटर पाणी पेल्यात उतरतं. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की त्यामुळे तिशीच्या आसपास येते, जिभेची आग कमी होते आणि वास मोकळे होतात. बर्फाचे लहान तुकडे भराभर वितळून पेला पातळ करतात. स्टीलच्या वाटीत पाणी गोठवलं की एकच मोठा खडा मिळतो. मे महिन्यात, मुरबाडच्या उन्हाळ्यात, हा फरक लगेच कळतो.

मुंबईतल्या बारमध्ये हेच कॉकटेल मागवलं, तर त्यात वितळणारा बर्फ बऱ्याचदा शहापूरच्या पाण्याचा असतो. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच तालुक्यातली. तानसाचं काम पुरं झालं ते १८९२ साली. त्याच वर्षी मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी एक कायदा केला, मोहाच्या फुलांचा. फुलं गोळा करणं, बाळगणं, विकणं, आणणं-नेणं या सगळ्यावर त्याने निर्बंध घातले. ज्या वर्षी इथलं पाणी शहराकडे वळलं, त्याच वर्षी इथल्या झाडाचं फूल सरकारच्या ताब्यात गेलं.

मोह इथे परका नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पिवळसर पांढऱ्या, मांसल फुलांचा सडा पडतो. बायका-मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलं वाळली की मनुकांसारखी होतात. साखर भरपूर, म्हणून ती भाजून खातात, भाकरीत घालतात. फळांची भाजी होते, बियांचं तेल निघतं. आणि याच फुलांची दारू होते. फुलं भिजवून आंबवायची, मडक्यात तापवायची, वाफ थंड करून धार धरायची. पहिल्या धारेची म्हणतात ती सगळ्यांत कडक. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या घरी लग्न, बारसं, दिवस, पेरणीनंतरचा सण यांत तिला जागा होती. पिण्याआधी देवाला आणि पितरांना थेंब द्यायचे. हा या आदिवासी समाजांचा पेयसंस्कार होता आणि तो त्याच आदराने समजून घ्यायला हवा.

सरकारला त्यात महसूल दिसला. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या मोठ्या कारखान्यांत काढायची पद्धत आणली. उरण हे त्याचं मोठं केंद्र. मोहाची दारू तिथे निघायची आणि ठेकेदारांच्या दुकानांतून, कर चढवून, त्याच आदिवासींना विकली जायची. घरची दारू चोरटी ठरली, पण दारू काही थांबली नाही. ज्याच्या दुकानातून ती घ्यायची तोच बहुधा सावकार असायचा, आणि उधारीवर प्यायलेल्याची जमीन, गवत, मजुरी त्याच्याकडे जायची. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातबद्दल आणि इंद्रा मुन्शी यांनी ठाणे जिल्ह्याबद्दल हा इतिहास तपशिलाने लिहिला आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांवरचे निर्बंध त्यातही राहिले. फुलांची पाटी सापडली तरी पोलीस येतील, ही भीती पाड्यांवर कित्येक पिढ्या होती. मग चांगल्या फुलांऐवजी काळा गूळ आणि नवसागर यांची हातभट्टी फोफावली. तिला ना चव, ना भरवसा. त्यात मिथेनॉल आलं की काय होतं, हे २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. म्हणून स्पष्ट सांगतो: घरी भट्टी लावू नका, तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. हातभट्टीची कुठल्याही कॉकटेलात घालू नका. परवान्याची बाटलीच घ्या. महाराष्ट्रात त्यासाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात.

२०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध सैल केले. पाऊल चांगलं, पण अर्धं. फूल मोकळं झालं, त्याचं मद्य अजून वेचणाऱ्यांच्या हाती आलेलं नाही. गोव्याने काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि २०१६ मध्ये वारसा पेयाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशाने अलीराजपूर आणि दिंडोरीतल्या आदिवासी बचत गटांना मोहाचं मद्य रीतसर काढू दिलं. आपल्याकडे हे शक्य नाही असं मला वाटत नाही. शहापूरच्या कातकरी तरुणांनी २०२० साली वनधन योजनेतून गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली. माल वेचणं, वाळवणं, प्रतवारी लावणं, ऑर्डर पुरी करणं हे सगळं त्यांनी करून दाखवलं आहे.

दारूने घर उद्ध्वस्त झालेल्या बाईला हे ऐकून राग येईल, आणि तो रास्त आहे. आडव्या बाटलीला मत देऊन गावातलं दुकान बंद करणाऱ्या बायकांच्या लढ्याशी मोहाच्या परवान्याची सांगड घालावीच लागेल. त्याची वाट कायद्यात आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला दोन्ही गोष्टी दिल्या: गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार. भट्टी नको म्हणणाऱ्या गावात ती येऊ नये. हो म्हणणाऱ्या गावात बायकांच्या गटाला छोटा परवाना मिळावा, प्रत्येक घाण्याची मिथेनॉलसाठी तपासणी व्हावी, बाटलीवर गावाचं नाव असावं आणि तिची विक्री गावात नव्हे, शहरात व्हावी. आज राज्यात मद्याचे परवाने मिळवू शकतात ते मोठं भांडवल असलेले लोक. हा नियम बदलणं राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या हातात आहे.

अशी बाटली आली तर, १८०६च्या त्या मोकळिकीमुळे, ओल्ड फॅशन्डची कृती थोडीच बदलेल. मोहाच्या मद्याला फुलाचा वास असतो, म्हणून लवंग-दालचिनीचा अर्क एकच झटका, संत्र्याऐवजी गावठी लिंबाची पातळ साल, आणि गुळाचा पाक अर्धा चमचा. बर्फ तोच, वाटीतला.