शेजाऱ्याचा ताप, आपलाही ताप

परवा नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात एक जुने रुग्ण भेटले. कोरोनाचा विषय निघाला तसे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपल्या लोकायले लस भेटत नव्हती, अन् बाहेरच्या देशायले काऊन देल्ली?" प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून उत्तर येथेच देतो.

भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव, श्रीलंका, पाकिस्तान व अफगाणिस्तान या आठ शेजाऱ्यांची 'सार्क' ही संघटना. स्थापना १९८५ ची, ढाका येथे. १५ मार्च २०२० रोजी या देशांनी दूरचित्रसंवादाद्वारे बैठक घेतली. साथीसाठी आपत्कालीन निधी ठरला. भारताने १ कोटी डॉलर देऊ केले. चिमुकल्या भूताननेही १ लाख डॉलरचा वाटा उचलला. पुढे मात्र बरीचशी मदत एका देशाने दुसऱ्याला थेट केली.

भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. २० जानेवारीला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड भूतानला दीड लाख व मालदीवला एक लाख डोस अशी रवाना झाली. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसला टिकते. म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बालकांच्या लसी ज्या शीतपेटीत असतात, तीतच ती राहते. डोंगराळ भूतानला हीच सोय महत्त्वाची ठरली. मार्चअखेर मोहीम सुरू करून त्या देशाने सुमारे दोन आठवड्यांत बहुतेक प्रौढांना पहिला डोस दिला.

एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळली. लसीची निर्यात जवळजवळ थांबली आणि भूतानचा दुसरा डोस अडला. जुलैमध्ये अमेरिका, डेन्मार्क आदी देशांकडून लस मिळाल्यावर त्यांचे काम पुरे झाले. म्हणजे आपल्याला टंचाई भासली तेव्हा आपण हात आखडता घेतलाच होता.

आणि त्याच दिवसांत मदत उलटही आली. भूतानने आसामसाठी प्राणवायू पुरवण्याचे जाहीर केले. मे महिन्यात बांगलादेशाने रेमडेसिविरच्या १० हजार कुप्या पाठवल्या. गरजेच्या वेळी दिलेले असे परत येते.

यामागे केवळ धर्मादाय नाही, वैद्यकीय कारणही आहे. विषाणू जितक्या शरीरांत वाढतो, तितकी त्याला रूप बदलण्याची संधी मिळते. नेपाळची सीमा तर खुली, माणसे रोज ये-जा करतात. शेजारी आजारी राहिला तर साथ पुन्हा आपल्या दारी येणार.

वाचकहो, हाच नियम आपल्या गल्लीलाही लागू आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तुम्ही रांजण घासलात, पण शेजारच्या गच्चीवरची टाकी उघडी राहिली, तर ताप तुमच्याही घरी येईल. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा: टाक्या, रांजण, कूलर रिकामे करून घासा, वाळवा, झाकून ठेवा. शेजारी म्हातारे किंवा एकटे असतील तर त्यांचाही रांजण घासून द्या. ताप आल्यास अॅस्पिरिन वा ब्रुफेनसारखी गोळी स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

शेजारधर्म म्हणा की आरोग्यशास्त्र म्हणा, दोन्हींचा सल्ला एकच आहे.