बोअर ते शोषखड्डा

गुरुवार, सकाळचे पावणेसात. पार्किंगमधल्या तीन नंबरच्या खांबापाशी फरशीच्या फटीतून काळं पाणी वर येतंय. दूधवाला सायकल हातात धरून त्याच्या कडेकडेनं चवड्यांवर चाललाय. वॉचमन सांगतो, पहाटे तीनपासून खाली गुडगुड चालू होती. मग उठवलं का नाहीस, असं सेक्रेटरी विचारतात, तर म्हणतो, "साहेब, उठवून तुम्ही काय केलं असतं?" या प्रश्नाला उत्तर नाही. सेक्रेटरी फोन काढतात आणि मैलागाडीवाल्याचा नंबर शोधायला लागतात. तो त्यांनी 'टँकर २' नावानं ठेवलाय. 'टँकर १' पाण्याचा.

आमची इमारत सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, गल्लीतल्या गल्लीत. जागा मुळात गुंठ्यावर विकलेल्या शेताची. २०१७ च्या ऑक्टोबरात अकरा गावं पुणे महापालिकेत आली, त्यात धायरी होती. जून २०२१ मध्ये आणखी तेवीस आली, त्यात नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे. गावं रातोरात शहरात आली, ड्रेनेजच्या लाइनला खोदावं लागतं. आमच्या गल्लीत ती अजून नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत आलीय असं ऐकतो. तोवर सगळी भिस्त खांब नंबर तीनच्या खालच्या टाकीवर.

साडेसातला पहिल्या मजल्यावरचे ओव्हरसिअरकाका खाली येतात. आयुष्य सरकारी बांधकामांवर गेलेलं. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात तीस मीटरचा टेप. लोक संकटात देवाला हात जोडतात, हे टेप घेऊन उभे राहतात. सोबत इमारतीच्या मंजूर नकाशाची झेरॉक्स आहे, घड्यांवर फाटून आरपार दिसणारी.

"नकाशात किती फ्लॅट?" काका विचारतात.

"बारा," सेक्रेटरी म्हणतात.

"आणि आपण?"

सेक्रेटरी वर बघतात. वर पाचवा मजला आहे, चौथाही आहे. नकाशा तिसऱ्यावर संपतो. सगळे मिळून वीस फ्लॅट. वरचे दोन मजले कसे झाले ते आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. तिथं राहणाऱ्यांनीही पैसे मोजूनच घर घेतलंय आणि हप्ते भरतायत. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, पुढं २०२१ मध्ये त्याची मुदत वाढली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करून घ्यायची सोय झाली. शुल्क भरलं की कागद नियमित होतो. टाकी मात्र होती तेवढीच राहते.

आठ वाजता मैलागाडी येते. पिवळी, पाच हजार लिटरची, मागं रबरी पाइपाचं वेटोळं. ड्रायव्हर पन्नाशीचा, तोंडात तंबाखू. मदतनीस पोरगा एकोणीस-वीसचा, पायात स्लिपर, शर्टावर कुठल्याशा अकादमीचं नाव. दोघं पहारीनं झाकण उचकटतात. वास येतो, पण आपण घाबरतो तेवढा नाही. पहिल्या मिनिटानंतर तर जवळजवळ येतच नाही, आणि काका तेव्हाच सगळ्यांना चार पावलं मागं घेतात.

"वास गेला म्हणून पुढं येऊ नका. नाकच बधिर होतं."

हे खरं आहे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की आधी नाकाची शक्ती घालवतो. हवेपेक्षा जड असल्यामुळं तो टाकीच्या तळाशी बसून राहतो. वरून टाकी शांत दिसते.

काका एका लांब बांबूच्या टोकाला जुनं पांढरं धोतर गुंडाळतात आणि टाकीत तळापर्यंत सोडतात. थोडं थांबून, न हलवता वर काढतात. कपड्यावर टाकी उमटलेली आहे: वर विटकरी साय, मग राखाडी पाणी आणि खाली जवळजवळ तीन फूट घट्ट काळा गाळ. ते टेप लावतात. टाकी तीन मीटर लांब, दीड रुंद, दीड खोल. म्हणजे पावणेसात हजार लिटर, आणि त्यातली निम्म्याहून जास्त गाळानं भरलेली.

"माणसं किती आपण?"

"धरा ऐंशी."

शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटरचा असतो. ऐंशी माणसांचे १०,८००. त्यातले ऐंशी टक्के तरी मोरी, स्वयंपाकघर आणि संडासातून या टाकीत येणार. सेप्टिक टँकचं गणित असं, की पाणी आत किमान एक दिवस थांबलं पाहिजे. तेवढ्या वेळात जड घाण खाली बसते, जंतू ती खातात, आणि वरचं जरा बरं पाणी शोषखड्ड्यात जातं. आमची टाकी रिकामी असती तरी पाणी तिच्यात एक दिवस टिकलं नसतं. आता तर ते आत येतं आणि चहा न घेता निघतं. काका हे हसत सांगतात. चेअरमन हसत नाहीत.

पाइप आत जातो, इंजिन धडधडतं आणि पाच मिनिटांत बंद पडल्यासारखं होतं. तोंडाशी काहीतरी अडकलंय. ड्रायव्हर दोनदा पाइप हलवतो, मग पोराकडं बघून सहज म्हणतो, "उतर रे. दोन मिनिटांचं काम."

पोरगा स्लिपर काढून ठेवतो. एका बाजूला, नीट जोडून. देवळाबाहेर ठेवतात तशा.

"ए!" काकांचा आवाज असा निघतो, की तिसऱ्या मजल्यावर खिडक्या उघडतात. "पाय घालायचा नाही आत!"

"काका, रोजचं आहे आमचं," ड्रायव्हर म्हणतो.

"रोजचं वाघोलीतही असेल."

ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीत एका गृहसंकुलाची मैल्याची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये लोणी काळभोरजवळ चौघे. दोन्ही पुण्याच्या पूर्व बाजूला, सात महिन्यांच्या अंतरानं. माणसाला असं टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि गुन्हा उतरणाऱ्यावर नाही, उतरवणाऱ्यावर लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. सेक्रेटरींना यातलं थोडं माहीत असावं, कारण ते एकदम म्हणतात, "नको नको, त्याला उतरवू नका, मी सोसायटीच्या वतीनं सांगतोय," आणि पुरावा राहावा म्हणून आजूबाजूला कोण कोण उभं आहे ते बघतात.

पोरगा स्लिपर पुन्हा पायात घालतो. चेहऱ्यावर सुटल्याचा भाव नाही. उलट चिडलाय, काम लांबलं. खरंच लांबतं. बांबूला लोखंडी आकडा बांधायचा, वरून टाकायचा, चाचपडत ओढायचं. पाऊण तास जातो. आकड्याला एकेक वस्तू लागून वर येते: सॅनिटरी पॅडचे फुगलेले गोळे, फरशी पुसायचं फडकं, नूडल्सच्या मसाल्याच्या पुड्या, बाळाचे ओले रुमाल आणि एक अख्खी पितळी ताम्हनी. ती कुणाची, यावर वरच्या खिडक्यांमध्ये लगेच चर्चा सुरू होते. मालकी कुणीच सांगत नाही.

मधेच गेटवर हॉर्न. 'टँकर १' आलाय. गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी पाणी बंद असण्याचा वार, म्हणून पाण्याचा टँकर. गल्ली नऊ फुटांची, आणि मैलागाडीचं तोंड बाहेर. दोन्ही टँकर एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे. एकावर लिहिलंय 'पिण्याचे पाणी', दुसऱ्यावर काहीच नाही. मागं कोण जाणार यावर पाच मिनिटं हॉर्न चालतात. शेवटी वॉचमन निकाल देतो, भरलेला पुढं, रिकामा मागं. मग त्याच्या लक्षात येतं, की रिकामा यातला एकही नाही.

या गोंधळातच आरोग्य खात्याच्या ताई येतात. २०२५ च्या जानेवारीनंतर त्या या भागात अधूनमधून येतात. त्या महिन्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक निघाले. आधी जुलाब, मग पाय जड, मग हात, काहींना थेट व्हेंटिलेटर. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जंतू दूषित पाण्यातून आणि कच्च्या मांसातून पोटात जातो. महापालिकेनं विहिरीच्या पाण्यात क्लोरीन वाढवलं, खासगी आरओ केंद्रांवर कारवाई केली, घरोघर सर्वेक्षण केलं. एकूण रुग्ण दोनशेच्या पुढं गेले. त्या काळात आमच्या इमारतीतही पाणीपुरी बंद झाली होती. पुण्यात हे सोपं नाही.

ताई नळाखाली छोटी काचेची नळी धरतात, त्यात द्रावणाचे थेंब टाकतात आणि उजेडाकडं करून हलवतात. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. सगळे बघतात. पाणी पिवळं होत नाही. स्वच्छ, पारदर्शक, सुंदर राहतं.

"बोअरचं आहे का?"

"बोअर आणि टँकर, दोन्ही खालच्या टाकीत एकत्र," सेक्रेटरी म्हणतात.

"बोअर कुठाय?"

गेटजवळ, तुळशीमागं. ताई तुळशीकडं बघतात, मग उघड्या झाकणाकडं. बोलत काहीच नाहीत, रजिस्टरमध्ये लिहितात, मेडिक्लोरच्या चार बाटल्या देतात, किती लिटरला किती थेंब ते दोनदा सांगतात आणि शेजारच्या इमारतीकडं निघतात. तिथंही हेच असणार.

काकांच्या हातात अजून टेप आहे.

शोषखड्डा दुचाकींच्या खाली. चार गाड्या सरकवाव्या लागतात. काका टेपचं टोक माझ्या हातात देतात, मी खड्ड्याच्या कडेवर धरून बसतो, ते तुळशीपर्यंत उलगडत जातात. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा अठरा मीटर लांब हवा, राहत्या घरापासून सहा, असं बांधकाम नियमांत आहे. त्यांना ते पाठ आहे. कित्येक नकाशांवर त्यांनी ही अंतरं तपासून सह्या केल्यात.

"अकरा मीटर चाळीस," ते तिकडून ओरडतात.

आणि हे अठरा मीटर मातीच्या हिशेबानं आहेत, ते जवळ येऊन हळू आवाजात सांगतात. मातीत पाणी मुरता मुरता गाळलं जातं. आपल्याकडं फूटभर मुरूम, खाली काळा कातळ. कातळात पाणी मुरत नाही, चीर सापडली की धावतं. बोअरला पाणी लागलं ते त्या चिरेतूनच, आणि शोषखड्ड्याचं पाणीही तीच चीर शोधतं.  कातळात तो शोषत नाही, म्हणून त्यांच्या दृष्टीनं पुण्यात शोषखड्डा फक्त नकाशावर असतो.

गाडी भरते. एक खेप, तीन हजार रुपये. गाळ अर्धाच निघालाय. दुसरी खेप? चेअरमन म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू.

मी ड्रायव्हरला विचारतो, "खाली कुठं करता?"

"पुढं."

"पुढं म्हणजे?"

"पुढं म्हणजे पुढं, साहेब. तुम्हाला वरून घाण नको होती, गेली ना?" त्याचा स्वर उद्धट नाही. त्याला खरंच कळत नाही, की तीन हजारांत हा प्रश्नही कसा बसतो. सातारा जिल्ह्यातल्या वाईत मी वेगळं बघितलंय. तिथं नगरपालिकेनं २०१८ पासून पाळी लावली, प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा. टाकी तुंबायची वाट बघायची नाही, पैसे करातून, आणि गाळ शुद्धीकरण केंद्रात. गाव लहान, ते जमतं, असं पुण्यात सांगितलं की लोक म्हणतात. आमची गल्लीही फार मोठी नाही.

पोरगा हात धुवायला पाणी मागतो. वॉचमन त्याला नळ दाखवतो, तोच, ज्याचं पाणी मघाशी पिवळं झालं नाही. तो हात धुतो, मग ओंजळीनं दोन घोट पितो. मी ओरडेपर्यंत पिऊन झालेलं असतं.

दहा वाजता पार्किंगमध्येच उभ्याउभ्या सभा. सात-आठ माणसं, कुणाला ऑफिस, कुणाला शाळेची बस. सेक्रेटरींनी दुचाकीच्या सीटवर इतिवृत्ताची वही ठेवलीय. ते लिहितात: टाकी उपसली, एक खेप, तीन हजार. पॅड टाकू नये अशी सूचना. आरोग्य खात्याची भेट, मेडिक्लोर.

"आणि अंतर लिहा," काका म्हणतात. "बोअर ते शोषखड्डा, अकरा मीटर चाळीस. टाकी बारा फ्लॅटची, राहतात वीस. ड्रेनेज लाइनच्या अर्जाला हे जोडा आणि बोअरची मोटर आजपासून बंद ठेवा."

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ घड्याळ बघत होते, ते मान वर करतात. "काका, वहीत कशाला? माझा फ्लॅट बघायला रविवारी गिऱ्हाईक येतंय. बँकेनं सोसायटीची कागदपत्रं मागितलीत."

"मग ते गिऱ्हाईक कुठलं पाणी पिणार?"

"ते मी त्यांना तोंडी सांगीन की."

कुणी हसत नाही. चेअरमन वॉचमनला झाकण नीट बसलंय का ते बघायला पाठवतात. सेक्रेटरींचं पेन 'बोअर ते' या दोन शब्दांपाशी थांबलेलं आहे. ते काकांकडं बघतात, चौथ्या मजल्याकडं बघतात, मग पेनाचं टोपण तोंडात धरून मला म्हणतात, "टेप तुम्ही धरला होता ना? सही तुमची घेऊ का?"

मी हात शर्टाला पुसतो आणि पेन मागतो.