पीएचपीतील मेथड ओव्हरराइडिंग: १९९८ पासूनचा मागोवा

पालक क्लासमधली मेथड चाइल्ड क्लासने त्याच नावाने पुन्हा लिहिली, की चाइल्डच्या ऑब्जेक्टवर नवी मेथड चालते. हेच ओव्हरराइडिंग. उदाहरणासाठी गोरेगावच्या, १९४९ साली वसलेल्या आरे कॉलनीतल्या तबेल्यांचा हिशेब घेऊ. ‘तबेला’ या क्लासमधली ‘दूधनोंद’ ही मेथड रोजचे लिटर लिहिते; ‘म्हैसतबेला’ हा चाइल्ड क्लास तीच मेथड नव्याने लिहून फॅटचाही आकडा नोंदवतो. पीएचपीत अशी देवनागरी नावे खरोखर चालतात.

१९९८च्या पीएचपी ३मध्ये क्लास आणि वारसा आले, तेही जुजबी. २०००च्या पीएचपी ४मध्ये ‘पॅरेंट’ हा शब्द मिळाला, त्यामुळे लिटरची नोंद पालकाकडून करून घेऊन चाइल्डला फक्त फॅटची भर घालता येऊ लागली. मात्र सगळ्या मेथड सर्वांना खुल्या होत्या. कोणती बदलू नये, हे सांगायची सोयच नव्हती.

ती सोय जुलै २००४मध्ये पीएचपी ५ने केली. ‘फायनल’ मेथड बदलता येत नाही, ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ मेथड लिहावीच लागते. ‘प्रायव्हेट’ मेथडचा नियम अनेकांना चकवतो: चाइल्डने तेच नाव वापरले तरी ते ओव्हरराइडिंग ठरत नाही, पालकाचा कोड स्वतःचीच मेथड बोलावतो. २००९च्या ५.३ने ‘स्टॅटिक’द्वारे, ज्या क्लासवरून हाक आली त्याचीच स्टॅटिक मेथड गाठण्याची वाट दिली.

खरा कस लागला तो सिग्नेचरचा, म्हणजे मेथडचे पॅरामीटर आणि रिटर्न टाइप यांचा. चाइल्डची मेथड पालकाच्या जागी चालायची, तर पालकाला चालणारी आर्ग्युमेंट तिलाही चालली पाहिजेत. पीएचपी ७मध्ये (२०१५) साध्या मेथडबाबत हा नियम मोडल्यास वॉर्निंग येई. नोव्हेंबर २०१९मध्ये वर्डप्रेस ५.३ने ‘वॉकर’ क्लासच्या ‘वॉक’ मेथडला कितीही आर्ग्युमेंट घेणारा पॅरामीटर जोडला, आणि ती मेथड जुन्या पद्धतीने ओव्हरराइड करणाऱ्या थीम-प्लगइनमध्ये अशा वॉर्निंग झळकल्या. त्याच महिन्यातल्या पीएचपी ७.४ने चाइल्डला पालकापेक्षा नेमका रिटर्न टाइप आणि अधिक सैल पॅरामीटर टाइप घेण्याची मुभा दिली. वर्षभराने आलेल्या ८.०ने मात्र विसंगत सिग्नेचरला थेट फेटल एरर ठरवले. हा कडकपणा योग्यच होता. वॉर्निंग लपवून काम रेटण्याची सवय त्याने मोडली.

एक चूक तरीही निसटत होती. ‘दूधनोंद’ऐवजी ‘दुधनोंद’ असे ऱ्हस्व लिहिले, तर पीएचपीच्या लेखी ती वेगळीच मेथड. एरर नाही, वॉर्निंग नाही. पालकाची मेथड चालत राहते आणि फॅटचा रकाना रिकामा राहतो. नोव्हेंबर २०२३च्या ८.३मधले ‘ओव्हरराइड’ हे अ‍ॅट्रिब्यूट यासाठीच आहे. ते मेथडवर लावले आणि पालकात किंवा इंटरफेसमध्ये त्या नावाची मेथड सापडली नाही, तर कोड कंपाइलच होत नाही. पालकातल्या मेथडचे नाव पुढे कोणी बदलले, तरी तेही लगेच उघडे पडते. ते लावण्याची सक्ती नाही; न लावल्यास चूक पूर्वीसारखीच दडून राहते. २०२५च्या ८.५पासून ते प्रॉपर्टीवरही लावता येते.