पित्त, छाती आणि रात्रीचे साडेदहा

गेल्या वर्षी ऑगस्टमधली, ऐन थंडीतली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास मी दचकून जागा झालो. छातीच्या मधोमध आग होत होती, घशाशी आंबट-कडू पाणी आले होते आणि डावा खांदा भरून आल्यासारखा वाटत होता. आदल्या संध्याकाळी टार्नीटला एका मित्राच्या मुलाचा वाढदिवस होता. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सातचे आमंत्रण, आठला मंडळी जमली, नऊला केक आणि जेवण साडेदहाला. मिसळ, पुलाव, श्रीखंड, वर आग्रहाचे दोन गुलाबजाम. घरी येऊन मी सरळ अंथरुणात शिरलो होतो.

"पित्त झालंय, इनो घेतो," असे म्हणून मी स्वयंपाकघराकडे निघालो. बायकोने डबा हातातून काढून घेतला आणि ट्रिपल झीरो फिरवला.

तिच्या घाबरण्याला कारण होते. २०११ साली नाशिकला माझ्या वडिलांच्या छातीत असेच जळजळत होते. बाबांनी एक दिवस लिंबू-सोडा आणि दुसऱ्या दिवशी आम्लपित्ताच्या गोळ्या यांवर काढला. आई डॉक्टरकडे चला म्हणत होती, तर "लग्नातलं जेवण बाधलंय" हे त्यांचे उत्तर ठरलेले. तिसऱ्या दिवशी पहाटे इस्पितळात नेले तेव्हा कळले की तो हृदयविकाराचा झटका होता. ॲन्जिओप्लास्टी झाली, बाबा वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. आज ते दोन जिने चढले की बसतात.

माझ्या बाबतीत उलटे निघाले. ईसीजी स्वच्छ, रक्ताची तपासणी दोनदा झाली, तीही स्वच्छ. सकाळी तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हृदय ठीक आहे, हा रिफ्लक्स आहे, जीपीला भेटा. मला हायसे वाटले आणि थोडी लाजही वाटली. तीन आठवड्यांनी रुग्णवाहिकेचे हजार डॉलरहून मोठे बिल आले तेव्हा मात्र लाजेची जागा दुसऱ्याच भावनेने घेतली. त्याविषयी पुढे लिहितोच.

आधी हे सांगतो की मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला व्हॉल्व्ह शिकलो होतो, त्यामुळे जीपींनी कागदावर काढलेले चित्र चटकन समजले. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते, एरवी मिटलेले असते. जठरातले आम्ल चांगलेच जहाल असते. जठराला त्यासाठी आतून अस्तर आहे, अन्ननलिकेला तसे नाही. कडे ढिले पडले, किंवा खालून दाब वाढला, की आम्ल वर येते आणि जळजळ होते. दाब वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या? गच्च भरलेले पोट, सुटलेले पोट, घट्ट पट्टा, गरोदरपण. कडे ढिले करणाऱ्या गोष्टी म्हणजे तंबाखू, दारू, तेलकट-तुपकट जेवण, चॉकलेट आणि पुदिना. आणि माणूस उभा असताना गुरुत्वाकर्षण जे काम फुकट करते, ते तो आडवा होताच थांबते.

आपण याला 'पित्त' म्हणतो, त्यामुळे थोडा घोटाळा होतो. शरीरशास्त्रातले पित्त यकृतात तयार होते. छातीत जळते ते बहुतेक वेळा जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल. आपल्या जुन्या वैद्यांना हा त्रास नवा नव्हता. माधवनिदानात आम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात आंबट-कडू ढेकर, छाती व घशाची आग ही लक्षणे दिलेली आहेत. अडचण अशी की मराठीत डोके दुखले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त आणि राग आला तरी पित्तच खवळते. एवढ्या गर्दीत छातीतले दुखणे लपून जाते. बाबांचे तेच झाले.

जीपींनी चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि खाण्यापिण्याची नोंद ठेवायला सांगितले. घरात मात्र निकाल आधीच लागला होता. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर जाहीर केले की तिखट बंद. मिसळ गेली, ठेचा गेला, वांग्याच्या भरतातली हिरवी मिरचीसुद्धा गेली. गोळ्या संपल्यावर मी एक वही केली आणि ४२ रात्री लिहून काढल्या: काय खाल्ले, किती वाजता, कॉफी किती, झोपलो किती वाजता, जळजळ झाली की नाही. सासूबाईंची क्षमा मागून मधूनमधून तिखटही खाल्ले, नाहीतर तुलना कशाशी करणार?

४२ पैकी १७ रात्री जळजळ झाली. ज्या २० दिवशी मी नऊनंतर जेवलो त्यांपैकी १४ रात्री त्रास झाला. ज्या २२ दिवशी आठच्या आत जेवलो त्यांपैकी फक्त ३ रात्री. आणि तिखट? तिखट खाल्लेल्या १५ रात्रींपैकी ६ रात्री त्रास, म्हणजे एकूण सरासरीइतकाच. निदान माझ्यापुरती मिरची निर्दोष सुटली. मिसळीवरचा कच्चा कांदा मात्र संशयित आहे.

माझे जेवण उशिरा का होते, तर माझी निम्मी टीम पुण्यात आहे. हिवाळ्यात मेलबर्नचे रात्रीचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे साडेचार, त्यांची सगळ्यात कामाची वेळ. कॉल संपवून जेवायचे, जेवून लॅपटॉप मांडीवर घेऊन सोफ्यावर पसरायचे, हा क्रम चार वर्षे चालला होता. दिवसभर चार फ्लॅट व्हाइट होत्याच. पहिली तर रिकाम्या पोटी, स्टेशनवर.

एका माणसाच्या वहीवरून शास्त्र होत नाही, म्हणून मोठे अभ्यासही वाचले. २००६ साली अमेरिकेत त्या वेळपर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यात वजन कमी करणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे या दोन उपायांना आधार सापडला. ठरावीक पदार्थ सोडल्याने गुण येतो याला मात्र फारसा सापडला नाही. २०२१ मध्ये सुमारे ४३ हजार अमेरिकन परिचारिकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. आटोक्यातले वजन, धूम्रपान नाही, रोज अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी-सोडा दिवसाला दोन कपांपर्यंत आणि भाज्या-फळे-कडधान्यांचा सकस आहार या पाचही गोष्टी पाळल्या तर सुमारे ३७ टक्के त्रास टळू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे सगळे पथ्य पाळूनही काहींना त्रास होणारच. त्यांना कोणी "तुझंच खाणं वाईट" म्हणू नये.

पलंगाचे तेवढे सविस्तर सांगतो, कारण त्यात मी आधी चुकलो. तीन उशा घेऊन झोपलो. त्याने माणूस कमरेत वाकतो, पोट दाबले जाते आणि त्रास वाढतो. बनिंग्जमधून लाकडी ठोकळे आणून डोक्याकडचे दोन पाय सुमारे १५ सेंटिमीटर उचलले. पहिले चार दिवस बायकोची तक्रार होती की आपण घसरतोय. डाव्या कुशीवर झोपावे. तसे झोपल्यावर जठर अन्ननलिकेच्या खाली राहते. थंड दुधाने क्षणभर बरे वाटते, पण त्याने पुढे आम्ल सुटायला मदतच होते, तेव्हा ते औषध समजू नये.

आता गोळ्या. आपल्यापैकी अनेकांच्या बॅगेत भारतातून आणलेल्या पँटोप्राझोलच्या पट्ट्या असतात आणि त्या चिंचेच्या गोळ्यांसारख्या खाल्ल्या जातात. या गोळ्या चांगल्या आहेत, पण जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जेवल्यावर आठवण झाली म्हणून घेतली तर फायदा कमी. महिनोन् महिने घेऊन एकदम बंद केल्या तर आम्ल उसळी मारते. २००९ साली डेन्मार्कमध्ये १२० निरोगी लोकांवर प्रयोग झाला. मुळात काही त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे अशा गोळ्या देऊन थांबवल्यावर ४४ टक्के लोकांना त्रास जाणवला. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणून गोळी सोडायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. इथल्या जीपींच्या संघटनेनेही २०१५ पासून साध्या रिफ्लक्ससाठी डोस कमी करण्याचा वेळोवेळी प्रयत्न करावा असे सांगितले आहे. दीर्घकाळ घेणाऱ्यांचे बी-१२ घटू शकते. शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असते, तेव्हा तपासून घ्यावे.

जुन्या रॅनिटिडीनवर विसंबणाऱ्यांसाठी: अशुद्धी सापडल्याने २०१९-२० मध्ये ते इथल्या बाजारातून परत घेतले गेले. कपाटात उरलेले असेल तर टाकून द्या.

प्रत्येक जळजळ रिफ्लक्स नसते. जठरातल्या व्रणांचे मूळ शोधले ते याच देशात. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी ते हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतात असे मांडले, तेव्हा लोक मसाला आणि काळजी यांनाच दोष देत होते. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे मिश्रण स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांतच मळमळ, उलट्या आणि जठराला सूज. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. भारतात वाढलेल्यांमध्ये हा जंतू जास्त आढळतो, आणि साध्या श्वासाच्या चाचणीत कळतो. मात्र गोळ्या चालू असतील तर चाचणीआधी सहसा दोन आठवडे थांबवाव्या लागतात.

गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळे शौच यांपैकी काही असेल तर पथ्याचा प्रयोग करत बसू नका, एंडोस्कोपी लागेल. इथे खिशाचा प्रश्न येतो. मेडिकेअर लेव्ही सरचार्ज चुकवण्यासाठी मी सर्वांत स्वस्त 'बेसिक' पॉलिसी घेतली होती. एंडोस्कोपी साधारणपणे 'ब्रॉन्झ' पातळीपासून येते, हे मला आजारी पडल्यावर कळले. पातळी वाढवली तरी आधीच्या दुखण्याला बारा महिने थांबावे लागते. जीपींच्या मते मला गरज नव्हती, म्हणून निभावले. औषधांना पीबीएसखाली २०२६ च्या जानेवारीपासून कमाल २५ डॉलर पडतात, आणि साध्या जेनेरिक गोळ्या पुष्कळदा त्याहून स्वस्त मिळतात. दोन दुकानांत भाव विचारावा.

आणि ते बिल. मेडिकेअर रुग्णवाहिकेचा खर्च देत नाही. क्वीन्सलँड आणि टास्मानियाच्या रहिवाशांना तो पडत नाही, पण आम्हा व्हिक्टोरियावाल्यांना पडतो. ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाची कुटुंबासाठीची वार्षिक वर्गणी त्या एका बिलाच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. मी आता भरली आहे. भारतातून येणाऱ्या आईवडिलांना व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर नसते, त्यांचा विमा तिकिटाबरोबरच काढा आणि हृदयाचे जुने दुखणे त्यात धरले आहे का ते वाचून घ्या. बाबा येत्या मार्चमध्ये येताहेत. त्यांच्या पॉलिसीची सतरा पाने मी दोनदा वाचली.

बायकोला मी बिलाबद्दल एकदाच काही बोललो. ती म्हणाली, "पुन्हा तसं झालं तर पुन्हा फोन करीन."

सध्या आमच्याकडे जेवण सव्वासातला, कॉल नंतर. पहिली कॉफी न्याहारीनंतर, एकूण दोन. साडेचार किलो उतरले आहेत. मिसळ परत आली आहे, शनिवारी दुपारी. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीलाही मी पत्र दिले आहे की पुढच्या कार्यक्रमात जेवण साडेसहाला आणि नाटक नंतर ठेवावे. जेवल्यावर प्रेक्षक घोरतील, अशी शंका नाट्यविभागाने काढली आहे. बैठक पुढच्या रविवारी आहे.